कॉफीच्या भट्टीसमोरची माझी जागा

मी चार वर्षं कॉफी निवडली. तांदूळ निवडतात तशीच, सुपात घेऊन, पाटावर बसून. हे सांगितलं की लोक आधी हसतात. नागपूर पडलं चहाचं गाव, इथे कॉफी निवडायला कोण बसतं, असं त्यांना वाटतं. पण सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत बर्डीच्या एका गल्लीत कॉफी भाजून, दळून देणारं दुकान होतं. रेल्वेच्या वसाहतीतली आणि सरकारी कचेऱ्यांतली दक्षिणेकडची माणसं सकाळी पितळी डबे घेऊन तिथे उभी राहायची. पुढे गल्ला आणि दळायचं यंत्र, मध्ये एक अंधारी खोली आणि तिच्यात भट्टी, मागे पडवी. पडवीत आम्ही पाच बाया. निवडायला उजेड लागतो, म्हणून मागे. भट्टीचा धूर मागच्याच दारातून बाहेर पडायचा, म्हणजे आमच्या अंगावरूनच जायचा. माझ्या लुगड्यांना, केसांना, पोळीच्या फडक्यालासुद्धा तो वास होता. आई मला घरात घेताना नाक मुरडायची, आणि मी तिला म्हणायची, मोठ्या लोकांच्या घरी या वासासाठी रांगा लागतात.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. मी डी.एड. झालेली होते आणि शाळेची ऑर्डर येत नव्हती. बाबा गिरणीत होते. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला मी पाच वर्षांची. त्या दिवशी बाबांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं, आणि तेव्हापासून त्यांनी एकच गोष्ट मनात धरली होती की पोरगी शाळेत खुर्चीवर बसेल. खुर्ची येईना, म्हणून मी पाटावर बसले. आमच्या मोहल्ल्यातली एक मावशी त्या दुकानात जायची, ती मला घेऊन गेली. दोन महिन्यांचं काम आहे असं मी घरी सांगितलं होतं.

निवडण्याचं काम सोपं दिसतं. पोत्यातून बिया सुपात घ्यायच्या, पाखडायच्या, आणि काळी, फुटकी, किडकी बी बाजूला काढायची. एक काळी बी मूठभर चांगल्या बियांना बिघडवते, असं मालक सांगायचे. मालक मद्रासकडचे, आमच्याशी हिंदी बोलायचे. पोत्यांतून बियांबरोबर बरंच काही यायचं. खडे, काटक्या, वाळलेली पानं, एकदा काळ्या बांगडीचा तुकडा. तो मी कितीतरी दिवस पदराच्या गाठीला ठेवला होता. कोणाच्या हातातली असेल, तोडताना फुटली की भांडताना, याचा मी विचार करायची. मावशी म्हणायची, "बह्याड झाली का वं? बांगडी पाहून राह्यली, हिकडं काळ्या बिया तशाच चालल्या."

त्या बांगडीवरूनच भट्टीवाल्यांशी माझं पहिलं बोलणं झालं. भट्टीवर एकच माणूस होता. चिखलदऱ्याच्या डोंगरातला, माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठा, काटकुळा, अंगात नेहमी बाह्या दुमडलेला खाकी सदरा. बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली. दुकानात सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. नागपुरात तसे रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळेच भाऊ. मी मात्र त्यांना कधी भाऊ म्हटलं नाही. का नाही, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी भांडले असते.

"चिखलदऱ्याच्या पोत्यातली हाये का ही बांगडी?" त्यांनी विचारलं होतं. मी हो म्हटलं. मग ते उंबऱ्यावर बसले आणि सांगू लागले.

"हे फळ राह्यते वं झाडावर. बोराएवढं, लाल. माझी माय कमरेले टोपली बांधून तोडे. हिरवं तोडलं का मुकादम बोंबले. झाडावर लाल मुंग्या, हात सारे सुजून जाये. मंग आंगणात वाळवाले टाकत, ज्वारीवानी. माय पायानं पसरवे, दिवसातून चारपाच खेपा. आमी पोट्टे त्यातले गोड गोड फळं चोखत जाओ."

"आई कॉफी पीत होती?" मी विचारलं.

"नाई. कोरा चहा पे. तिले वाटे साहेब लोक हे औषधाले नेतात."

मला त्याचं फार हसू आलं, आणि मग लक्षात आलं की आम्ही पाचजणीही चहाच प्यायचो. गल्लीच्या तोंडावरच्या टपरीवरून किटली यायची. डोंगरात तोडणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं की याचं काय होतं, आणि निवडणाऱ्या आम्हाला ते ठाऊक असून उपयोग नव्हता. एकदा मालकांच्या घरून सणाची कॉफी आली होती, पेल्यात वरपर्यंत फेस. मावशीने एक घोट घेतला आणि म्हणाली, काढ्यात साखर टाकली म्हून काय झालं. मला आवडली. मी ते कबूल केलं नाही.

आता भट्टीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच घडलं. एक लोखंडी पिंप आडवं बसवलेलं, खाली दगडी कोळशाचा विस्तव, बाजूला फिरवायचा दांडा. बिया आत टाकायच्या, झाकण लावायचं आणि दांडा फिरवत राहायचं. आत काय चाललंय ते दिसत नाही. एका भोकातून लांब दांड्याचा चमचा घालून चार बिया काढता येतात, पण खोलीत इतका काळोख की हिरव्याचं तपकिरी झालेलं कळायला दिवा जवळ न्यावा लागे. भाजताना बिया तडतडतात, पण पुढे दळायचं यंत्र अशा आवाजाने चाले की शेजारी ढोल वाजला तरी ऐकू येऊ नये. उरतो तो वास. आधी ओल्या कडब्याचा, मग भाजल्या चण्याचा, मग गुळाच्या पाकाचा. पाकाचा वास करपण्याकडे झुकायच्या अगदी आधी पिंप उघडायचं. ती वेळ एक श्वास घेऊन सोडण्याएवढी. भट्टीवाल्यांनी पंधरा वर्षं ती वेळ चुकवली नव्हती. दुसरा कुठला धंदा त्यांना येत नव्हता.

मी लागले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांना मुदतीचा ताप आला. महिनाभराने कामावर आले, ते आणखी वाळून. आणि आल्या आल्या एका आठवड्यात दोन घाणे करपले. गल्लीभर धूर. दुसऱ्या वेळी मालक आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाले, "एक और घान जला तो मैं गाँव से आदमी बुला लूँगा." ते ओरडले नाहीत, म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मे महिना. सकाळचं वरण दुपारपर्यंत टिकायचं नाही. भट्टीवाल्यांनी डबा उघडला आणि पाच हात लांब बसलेल्या मला आंबल्याचा भपकारा आला. ते मात्र निवांत भात कालवून जेवत होते. माझी जीभ कधी जाग्यावर नसते. मी म्हटलं, "वरण उतरलं ना तुमचं. खाऊन काहून राह्यले?"

त्यांनी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. घास हातातच राहिला. त्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं, तापात त्यांचं नाक गेलं होतं. बाकीच्या बाया नळाकडे गेल्या होत्या.

"कोणाले सांगू नको," ते म्हणाले.

"मी काय दवंडीवाली हाये का?" मी म्हटलं. आणि लगेच पुढे सांगितलं, "मी दाराच्या समोर पाट टाकून बसते. वास बरोबर आला का उभी राहीन. तुमी उघडजा."

"तुले कळन काय?"

"वर्षभर तुमचा धूर खाऊन राह्यली मी."

दुसऱ्या दिवशी मी पाट सरकवला. भट्टीच्या खोलीचं दार आणि माझा पाट समोरासमोर आले. पहिल्या घाण्याला माझं सगळं लक्ष नाकात, सुपातल्या चांगल्या बिया मी खाली सांडल्या. कडबा गेला, चणे आले, पाक आला. मी डोळे मिटले होते. उभी राहिले तेव्हा त्यांनी एका झटक्यात झाकण उघडलं. बिया पसरट परातीत पडल्या, त्यांनी लाकडी फावड्याने हलवल्या, आणि चार बिया तळहातावर घेऊन दारात आले. उजेडात पाहिल्या. मग दुसरा घाणा टाकायला परत गेले. त्या बियांचा रंग मी आजही दाखवू शकेन.

मग तेच चालू झालं. दिवसाला पाचसहा घाणे, आणि प्रत्येक घाण्याला मी एकदा उभी राहायची. बायांना सांगितलं, माझ्या पायाला मुंग्या येतात. मावशी म्हणाली, "पायालेच येतात ना वं?" बाकीच्या हसल्या. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

ज्या दिवशी मी जायची नाही त्या दिवशी भट्टी पेटायची नाही. पिंप खरवडायचं आहे, दांड्याला तेल द्यायचं आहे, विस्तव नीट लागत नाही, असं काहीतरी ते मालकांना सांगत. दसऱ्याला दुकानात यंत्रांची पूजा असायची आणि आम्ही दोघीतिघी दीक्षाभूमीवर जायचो. त्या दिवशी भट्टी आपोआप बंद, त्यामुळे मला वर्षातला तेवढा एकच दिवस बिनघोर मिळायचा. आणि तिथल्या त्या गर्दीत मला चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं.

कारण दांडा फिरवताना ते माझ्याकडे पाहत असत. पाहावंच लागे, मी कधी उठेन त्याचा नेम नव्हता. घाणा टाकल्यापासून उघडेपर्यंत त्यांची नजर माझ्यावर, आणि त्यात कोणाला काही वावगं दिसू नये इतकं ते सरळ काम होतं. मी दिसायला यथातथाच. त्याआधी माझ्याकडे कोणी अर्धा क्षणही थांबून पाहिलं नव्हतं. मी सुपात मान घालून बसायची आणि मला ती नजर केसांवर, हातांवर, पाटाच्या कडेवर कळायची. मला ते आवडायचं. एवढं साधं वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. आमच्यात कामापलीकडे फारसं बोलणं व्हायचं नाही. ते मला मास्तरीण म्हणायचे, कारण बियांच्या पुड्यांना आणलेल्या रद्दीतले कागद मी वाचत बसायची. मी त्यांना हाकच मारत नसे. उभी राहिले की काम भागायचं.

पुढच्या जूनमध्ये ऑर्डर आली. रामटेकच्या पलीकडे एका गावात प्राथमिक शाळा. पंधरा दिवसांत हजर व्हायचं. बाबा त्या दिवशी गिरणीतून येताना पेढे घेऊन आले. मी तो कागद हातात धरून बसले आणि मला दिसली ती भट्टी. मी गेले तर तिसरा घाणा करपणार, मालकांच्या गावचा माणूस गाडीत बसणार, आणि भट्टीवाले कुठे जाणार? डोंगरात त्यांचं आता कोणी नव्हतं. मी घरी सांगितलं की गाव आडवळणाला आहे, एकट्या बाईला खोली मिळणार नाही, मी जात नाही. बाबांनी समजावलं, मग रागावले, मग गप्प झाले. पंधरा दिवस गेले, ऑर्डर गेली. आमच्यासारख्या घरात ऑर्डर घालवणं म्हणजे काय, ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. बाबा माझ्याशी आठ महिने बोलले नाहीत. जेवताना काही हवं असलं तर आईला सांगायचे, तिला सांग मीठ दे. मी समोरच बसलेली असायची.

दुकानात मी यातलं काही बोलले नाही. मावशीलाही फक्त एवढंच म्हटलं, की अजून नंबर लागला नाही.

दुसरी ऑर्डर दोन वर्षांनी आली. खाप्याची, नगरपालिकेची शाळा. या वेळी नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही पूर्ण नव्हती. मला शिकवायचं होतं. मी पंचवीस वर्षांची झाले होते. भट्टीवाल्यांना सांगायला मला तीन दिवस लागले. एका घाण्यानंतर ते परात हलवत होते तेव्हा दारात जाऊन सांगितलं.

ते हलवत राहिले. मग म्हणाले, "जा ना मंग. शिकलेली हाये तू."

"माझ्या जागी कोणाले तरी तयार करते. मावशीचं काही खरं नाई, तिच्या नाकात तपकिरीशिवाय काही जात नाई. पण ती धाकटी आहे ना..."

"नको. मी पाहून घेईन."

मला वाटलं, हा यांचा ताठा. चार बायांसमोर गुपित उघडं पडण्यापेक्षा नोकरी गेलेली यांना चालेल. मी चिडले, आणि चिडलेलीच निघून गेले. शेवटच्या दिवशी नीट निरोपसुद्धा घेतला नाही.

खाप्याला कन्हान नदीजवळ मला खोली मिळाली. पोरं चांगली होती, हेडमास्तर बरे होते, खुर्चीही होती. पण फळ्याकडे तोंड केलं की पाठीला काहीतरी कमी वाटायचं. चाळीस पोरं माझ्याकडे पाहत असायची आणि तरी मला वाटायचं, कोणीच पाहत नाहीये. रोज दहाच्या सुमाराला मनात यायचं, पहिला घाणा टाकला असेल. मग भीती सुरू व्हायची. करपला असेल. मालकांनी माणूस बोलावला असेल. मावशीला लिहिता येत नव्हतं, आणि भट्टीवाल्यांना पत्र लिहायला मी त्यांची कोण? एखादीकडून निरोप मागवावा तर काय विचारायचं? त्यांचं नाक कसं आहे, असं?

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला आले. घरी पिशवी टाकली आणि बर्डीला गेले. मागच्या गल्लीतून, मागच्या दाराने. दुपारची वेळ होती, बाया जेवून नळाकडे गेलेल्या. माझ्या पाटाच्या जागी पोत्यांची थप्पी रचलेली. पुढे यंत्राचा तोच आवाज. मी थप्पीच्या आडून भट्टीच्या खोलीत पाहिलं. मालकांच्या गावचा माणूस दिसेल अशी मनाची तयारी केली होती.

तिथे तेच होते. दांडा फिरवत होते. मग थांबले, लांब चमचा आत घातला, बाहेर काढला, आणि नाकापाशी नेला. डोळे मिटून वास घेतला. चमचा परत ठेवला, आणखी चार फेरे दिले आणि झाकण उघडलं. परातीत पडलेल्या बियांचा वास मला दारातूनच कळला. अगदी बरोबर होता. त्यांनी बिया हलवून बाजूला केल्या, पिंपात नवा घाणा टाकला आणि पुन्हा दांडा धरला.

मला इतका आनंद झाला की मी काही विचार न करता पुढे गेले. "वास येऊन राह्यला तुमाले," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. "कधी आली वं?"

"मी आत्ता आली. नाक कधी आलं?"

ते दांडा फिरवत राहिले. खोटं बोलता आलं असतं त्यांना. गेल्या महिन्यात आलं म्हणाले असते तर मी विश्वास ठेवून पेढे वाटले असते. पण ते म्हणाले, "पयल्या दिवाळीले."

मी मनात हिशोब केला. ताप आला त्याच वर्षीची दिवाळी. मी पाट सरकवून बसले त्याला तेव्हा सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

"मंग अडीच वर्षं मले कायले उठवून राह्यले होते?"

"सांगतलं असतं त तू मांगं जाऊन बसली असती," ते म्हणाले. "मंग मी कोणाकडं पाह्यलं असतं?"

कोणत्याही बाईने हे वाक्य जपून ठेवलं असतं. माझं डोकं फिरलं. मला आठवले ते बाबा, समोर बसून आईकडे मीठ मागणारे. मी सगळं बोलले. रामटेककडची ऑर्डर, पेढे, पंधरा दिवस, घरातले ते आठ महिने. "तुमच्या नाकापायी घालवली मी ऑर्डर," मी म्हटलं, "आणि तुमाले तेव्हा वास येऊन राह्यला होता."

त्यांचा हात दांड्यावर थांबला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते दारातून पडवीत आले आणि माझ्या जागेवरच्या पोत्यावर बसले.

पिंप विस्तवावर तसंच थांबलं होतं. चण्यांचा वास गेला, पाकाचा आला. मला आला, त्यांनाही आला. मी उभीच होते. ते माझ्याकडे पाहत होते, आणि आम्हा दोघांपैकी कोणीही झाकणाकडे गेलं नाही. मग करपला. धूर खोलीत मावेना तेव्हा मालक पुढून धावत आले. "नाक कहाँ गया तेरा?" त्यांनी विचारलं.

"नाक हाये मालक," भट्टीवाले म्हणाले, आणि उठून झाकण उघडायला गेले.

मी मागच्या दाराने निघाले. मालकांनी त्यांना ठेवलं, मावशीकडून कळलं. तीन वर्षांत एकच घाणा गेला, त्याचं काय एवढं, असं म्हणाले म्हणे. माझा राग घरी पोचेपर्यंत उतरला होता, पण परत जायची लाज वाटली. ती लाज पुढच्या सुट्टीपर्यंत टिकली, मग त्याच्या पुढच्या. मग माझं लग्न झालं, ते मला त्यांना कळवायचं नव्हतं. दुकान कधी बंद झालं तेही मला नंतर समजलं, आणि ते डोंगरात परत गेले की कुठे, हे सांगणारं तोवर कोणी उरलं नव्हतं.

त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी पडवीत मागे जाऊन बसले नसते. समोरच बसले असते, काही कारण नसताना, आणि दिवसातून पाचसहा वेळा उभीही राहिले असते. त्यांना हे सांगायला मला दोन वाक्यं पुरली असती. त्या दुपारी मी त्यांच्याशी बरंच बोलले, आणि ते सगळं ऑर्डरीबद्दल होतं.